जुन्या कॅम्परव्हॅनचा फ्लोअर: आधी ओल शोधा, कार्पेटचं नंतर बघू

जुनी व्हॅन घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा वासाची असते. दार उघडलं की कुबट वास. मग तो सीट कव्हरवाल्याकडे जातो, जुनं कार्पेट उपटून नवं चिकटवून आणतो, आणि पुढच्या पावसाळ्यात वास पुन्हा हजर. दुसऱ्या खेपेला नव्या कार्पेटवर आणखी एक रबरी मॅट पडते. तोवर खालचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालेला असतो आणि त्याखालच्या पत्र्याला भोकं पडलेली असतात.

कार्पेट हा वरचा थर. त्याखाली फोम किंवा नमदा, त्याखाली प्लाय, त्याखाली पत्रा. बिघाड बहुधा खालच्या थरांत सुरू होतो. दुरुस्ती मात्र लोक वरून सुरू करतात आणि वरच थांबवतात. म्हणून या लेखात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या दोन गाड्या इथे धरल्या आहेत. एक म्हणजे प्रवासी सीट काढून बेड आणि ओटा बसवलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. दुसरी म्हणजे ओम्नी किंवा ईकोसारखी छोटी व्हॅन. पहिलीत पत्र्यावर प्लाय आणि त्यावर विनाइल अशी रचना असते. दुसरीत बहुतेकदा पत्र्यावर थेट नमदा आणि मॅट. छोट्या व्हॅनवाल्यांनी प्लायचा भाग फक्त नंतर प्लाय घातला असेल तरच वाचावा.

## १. पान्याला हात लावण्याआधी: ओल केव्हा येते ते लिहून काढा

कार्पेटच्या कडा उचलून चारही कोपऱ्यांत आणि मध्ये वर्तमानपत्राचे कागद सरकवा. दोन-तीन आठवडे रोज कागद बघा. कुठला ओला झाला आणि त्या दिवशी काय घडलं होतं ते वहीत टिपा. एवढ्यानेच निम्मं निदान होतं.

- पाऊस पडला, गाडी नुसती उभी होती, तरी पुढे पायाशी ओल: समोरच्या काचेचं रबर, नाहीतर वायपरखालच्या जाळीतली पाण्याची वाट पाल्याने तुंबलेली. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हटकून होतं.
- ओल्या रस्त्यावरून गाडी पळवली की ओल, उभी असताना कोरडी: पाणी खालून येतंय. चाकाने उडवलेलं पाणी उघड्या भोकांतून किंवा व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानदार पत्र्याच्या) फुटलेल्या शिवणीतून आत शिरतं.
- एसी लावून लांब गेलं की ओल: एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे. छतावरचा एसी असेल तर नळ्या खांबांतून खाली येतात. मध्येच निसटलेली नळी पॅनेलच्या आड गळत राहते आणि पाणी भलतीकडेच निघतं.
- ओट्याखाली कायम ओल: टाकी, पंप, सिंकचा जोड.
- पाऊस नाही, पाणी नाही, पण थंडीत सकाळी गादीखाली ओल: ही आतलीच वाफ. महाबळेश्वरला डिसेंबरात काचा बंद करून झोपलात की श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमते. आत चहा-मॅगी केली असेल तर विचारायलाच नको. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं.

वासाकडेही लक्ष द्या. गोडसर वास आणि बोटाला चिकट लागणारी ओल म्हणजे कूलंट. हीटरचा पाइप किंवा त्याचा जोड गळतोय. ब्रेक पेडलखाली तेलकट डाग असेल आणि तिथला रंग पोपडे धरून निघत असेल, तर ते ब्रेक ऑइल आहे.

> सावधान: ब्रेक ऑइलची शंका आली तर फ्लोअरचं काम बाजूला ठेवा. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

## २. तयारी

हे काम दिवाळीच्या आसपास सुरू करावं. मेच्या मध्यापर्यंत कधीही चालेल, पण जून ते सप्टेंबर अजिबात नको. दमट हवेत प्लाय वाळत नाही आणि घासून उघडा केलेला पत्रा तासाभरात तांबूस होतो. कोकणात राहत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीसारखे दिवस नाहीत.

जागा सपाट आणि वरून झाकलेली हवी. गाडी आठ-दहा दिवस हलणार नाही असं धरून चाला. दोन दिवसांत उरकतो म्हणणाऱ्याला पत्रा फक्त वरून रंगवून मिळतो.

हत्यारं फार लागत नाहीत: पाना सेट, पेचकस, पातळ लोखंडी पट्टी, लहान हातोडी, जुना टोकदार पेचकस, चांगली टॉर्च, तारेचा ब्रश, ग्राइंडरला लागणारा तारेचा कप, हीट गन, मार्कर, चिकटपट्टी आणि झिपच्या पिशव्या. ओलावा मोजायचं दोन सुयांचं साधं मीटर ऑनलाइन मिळतं. घ्याच. "हाताला कोरडा लागतो" हा पुरावा नव्हे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गॅसचं सिलिंडर गाडीबाहेर, तेही घराच्या आत नव्हे. बुरशी असेल तर एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. ग्राइंडर चालवताना चष्मा घाला.

> तपासा: गाडीखाली आडवे व्हा. इंधनाची नळी, ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी, सीएनजी असेल तर त्याची टाकी आणि पाइप कुठून गेलेत, त्याचा कागदावर कच्चा नकाशा काढा. पुढे फ्लोअरमध्ये ड्रिल घालायची वेळ येईल तेव्हा हाच कागद वाचवेल.

## ३. उपटणं: सावकाश आणि क्रमाने

आधी सुटं सामान, मग गाद्या, बेडच्या चौकटी, ओटा, सीट आणि शेवटी दाराच्या पायरीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा. सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट साध्या बोल्टांत मिसळू देऊ नका. ते जास्त ताकदीचे असतात आणि परत तेच बसवायचे असतात.

ओटा काढायचा कंटाळा येतो. "तेवढा राहू दे, बाजूने कापून घेऊ" हा मोह प्रत्येकाला होतो, आणि सर्वांत जास्त सडलेला पत्रा नेमका ओट्याखालीच असतो.

कार्पेट कटरने कापू नका. दाराच्या कडेने, कार्पेटखालूनच मागच्या दिव्यांचं आणि पंपाचं वायरिंग गेलेलं असतं. एक कोपरा हीट गनने शेकून पट्टीने उचला आणि गुंडाळत न्या. जुनं कार्पेट कितीही घाण असलं तरी टाकू नका. नव्याचा माप-नमुना तेच आहे.

> सावधान: जुना गोंद काढायला पेट्रोल वापरायची आपल्याकडे वाईट सवय आहे. बंद गाडीत पेट्रोलची वाफ साचते आणि हीट गनची एक ठिणगी पुरते. शेका, खरवडा, उरलेला चिकटा रॉकेलच्या चिंध्याने पुसा. दारं सगळी उघडी ठेवा आणि रॉकेल लावल्यावर हीट गन बंद.

## ४. गळतीचा शोध

इथे घाई झाली की पुढचं सगळं वाया जातं. एक गोष्ट पक्की धरा: पाणी साचलेली जागा आणि पाणी शिरलेली जागा बहुधा वेगवेगळ्या असतात. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी खांबाच्या आतून उतरतं, दाराच्या कडेने मागे वाहतं आणि गाडीचा उतार जिकडे असेल तिकडे, पार मागच्या चाकापाशीही साचतं. तिथे सीलंट थापून काही होत नाही.

फ्लोअर पुसून कोरडा करा. खांबांवरचे आतले प्लास्टिकचे पॅनेल काढा. पत्र्यावर टाल्कम पावडर पातळ भुरभुरवा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसेल, बाहेर दुसरा बागेचा साधा पाइप धरेल. पाणी खालून वर मारायचं. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराचं बिडिंग (कडेची रबरी पट्टी), मग खिडक्या, मग समोरची काच, शेवटी छत आणि छतावरचा झरोका. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे पोचतं आणि काहीच कळत नाही. आतल्या माणसाला पावडरीत ओघळ दिसला की थांबा आणि मार्करने खूण करा.

एकदा सपाट जागेवर, एकदा गाडीचं नाक उताराकडे करून हीच चाचणी करा. काही गळत्या फक्त घाटात उभी असतानाच होतात.

वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप यासाठी वापरू नका. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो.

पाण्याच्या टाकीसाठी सोपा उपाय: टाकीत खाण्याचा रंग घाला, सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा. नळ बंद असूनही पंप मधूनमधून गुरगुरत असेल तर पंप आणि नळ यांच्यामध्ये कुठेतरी गळतंय. पंप शांत, पण सिंकमध्ये पाणी सोडल्यावर खाली रंग दिसला, तर सांडपाण्याचा जोड ढिला आहे.

आणि आता ट्रॅव्हलरवाल्यांसाठी खास. प्रवासी सीट काढल्यावर त्यांच्या बोल्टची भोकं राहतात. बॉडीवाला त्यांवर प्लाय किंवा कार्पेट घालतो आणि विसरतो. वरून काही दिसत नाही. खालून मात्र प्रत्येक पावसात त्यांतून चिखलपाणी वर उडतं. अशी भोकं बघायची असतील तर दुपारच्या उन्हात आत बसा, काचांवर चादरी टाकून अंधार करा आणि फ्लोअरकडे बघा. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं. भोकाच्या कडेला गंजाचा तांबडा गोल आणि त्याभोवती वाळलेल्या चिखलाचं पांढुरकं वलय दिसलं की समजा, हे वर्षानुवर्षं चालू आहे.

> तपासा: खालून येणारी ओल की आतली वाफ, हे ठरत नसेल तर फूटभर पॉलिथीनचा तुकडा उघड्या फ्लोअरवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. रात्रभर ठेवा. सकाळी पॉलिथीनच्या खाली थेंब असतील तर ओल फ्लोअरमध्येच आहे. वर असतील तर आतल्या हवेतली वाफ जमते आहे.

सापडलेली प्रत्येक गळती आत्ताच बंद करा, आणि पाइपची चाचणी परत घ्या. काचेचं रबर कडक होऊन चिरलं असेल तर ते बदलणं हाच उपाय, वरून सीलंट फासणं नव्हे. दारांच्या खालच्या कडेची बारीक भोकं तारेने मोकळी करा. ती पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात. ती "गळतात" म्हणून एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. पुढच्या वर्षी त्यांची दारं खालून सडतात.

## ५. ठोकून, टोचून: नुकसान किती?

हातोडीच्या दांड्याने पत्रा वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद वाजतो. बद वाजला तिथे पेचकसाचं टोक जोर लावून टोचा. आत्ता भोक पडलं तर पडू दे. रंगाखाली लपलेलं भोक नंतर सापडण्यापेक्षा हे बरं.

गंजाच्या तीन पायऱ्या धरा. हाताने चोळल्यावर तांबडी पूड निघते, खाली पत्रा गुळगुळीत: हा वरवरचा गंज, घरी निघेल. पत्र्याला खड्डे पडलेत, पण टोक आरपार जात नाही: घासून, प्राइमर लावून चालेल, मात्र दरवर्षी बघायला हवं. टोक आरपार गेलं: पत्रा कापून नवा जोडायचा.

पुढे दिलेल्या ठिकाणी आरपार गंज असेल तर प्रश्न कार्पेटचा उरत नाही, सुरक्षेचा होतो. आडवे लोखंडी बीम, चासी, सीट आणि सीट बेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, जॅक लावायची जागा. इथे पट्टी मारून चालत नाही. चांगल्या पत्राकाम करणाऱ्याला दाखवा. बीम बदलायचा किंवा सीटची जागा हलवायची झाली तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही.

समुद्रकाठी फिरलेली गाडी असेल तर व्हील आर्चच्या आतली बाजू आणि सरकत्या दाराची खालची पट्टी दोनदा बघा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खारट चिखल बसलेला पत्रा उन्हाळ्यातही आतून दमट राहतो. मुरूड किंवा तारकर्लीहून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुतलेली गाडी आणि न धुतलेली गाडी, यांतला फरक खाली वाकलं की लगेच कळतो.

प्लायचं निदान सोपं. पायाने दाबल्यावर लवतो, कडा फुगलेल्या आहेत, थर सुटलेत किंवा पेचकस लोण्यात शिरल्यासारखा शिरतो: काढून टाका. फुगलेला प्लाय वाळवला तरी त्याचे थर परत चिकटत नाहीत. वरून फेविकॉल ओतून काही होत नाही.

## ६. वाळवणं

सगळी दारं उघडी, दोन टेबलफॅन समोरासमोर, दिवसा ऊन, रात्री गाडी झाकलेली. ठेवायचा असलेला प्लाय बोल्ट काढून मोकळा करा आणि खाली लाकडाचे तुकडे देऊन उचलून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल. १२ मिमीचा पूर्ण भिजलेला प्लाय वाळायला आठवडे लागतात. मीटर १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येईपर्यंत पुढे जाऊ नका. मीटर कडेला, मध्ये आणि खालच्या बाजूला, तिन्हीकडे लावा.

बुरशीवर व्हाइट व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फवारा, तासभर थांबा, ब्रशने घासा, पुसा. काळे डाग राहिले तरी चालेल, वास गेला पाहिजे.

> सावधान: व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर किंवा कुठलंही ब्लीच एकत्र वापरू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद गाडीत तो जिवावर बेतेल.

## ७. पत्र्याचं काम

तारेच्या कपाने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा. कोपऱ्यांत हातब्रश. सुटी पूड झाडून थिनरने पुसा. खड्ड्यांत अडकलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा. तो गंजाशीच जुळतो आणि काळा पडतो. चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही, आणि सुट्या पापुद्र्यांवर लावला तर पापुद्र्यासकट गळून पडतो.

आरपार भोकांसाठी १८ किंवा २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. भोकाच्या सगळ्या बाजूंनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. सीओटू वेल्डिंग करणारा शोधा. साध्या आर्क वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला जोडण्याऐवजी भोकं पडतात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरणार असेल तर कडेचं जस्त घासून काढायला सांगा. त्याचा धूर बाधतो. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सुटी, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर तोही काढलेला, इंधनाची नळी बाजूला केलेली, आणि एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन गाडीखाली बघत उभा. ठिणगी खालीच पडते.

मग प्राइमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि चालतो, पण इपॉक्सी प्राइमर जास्त टिकतो. कुठलाही प्राइमर तसाच उघडा ठेवू नका. तो ओलावा पूर्ण अडवत नाही, वर रंग हवाच. शिवणींवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. हार्डवेअरच्या दुकानात आग्रहाने दिलं जाणारं, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन इथे नको. वाळताना त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंजवतं.

जुन्या सीट बोल्टची भोकं बुजवायला कार्पेटचे बोळे नव्हेत. कडा घासा, रंगवा, वरून छोटी पत्र्याची चकती पीयू सीलंटवर दाबा आणि रिव्हेट मारा. खालूनही सीलंटचा हात द्या. लहान गोल भोकांना योग्य मापाचं रबरी बूच पुरे. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत अशी बुचं किलोवर पडलेली असतात. भोकाचं माप घेऊनच जा.

खालून अंडरबॉडी कोटिंग करायचं तर सगळ्यात शेवटी, आणि फक्त कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलेलं डांबर गंज झाकतं आणि ओल आत कोंडतं. बाहेरून काळीभोर दिसणारी गाडी आतून सडत राहते. वापरलेली गाडी घेताना ताजं कोटिंग दिसलं की मी उलट जास्त टोचून बघतो.

> तपासा: ओट्याजवळ गॅसच्या कप्प्यात खाली एक उघडं भोक असतं. ते चुकून राहिलेलं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्या भोकातून खाली निघून जातो. ते बुजवू नका, त्यावर कार्पेट घालू नका. उंदीर येतील अशी भीती असेल तर जाळी लावा.

## ८. प्लाय

आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय, १२ मिमी. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत परत याच जागी आणून उभा करेल. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जात असाल तर ८ बाय ४ च्या पूर्ण शीटवर छापलेला आयएस क्रमांक स्वतः वाचा. कापून दिलेल्या तुकड्यावर कोण काय सांगेल त्याचा नेम नाही.

आधी वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण फ्लोअरचा कागदी नमुना करा, तो प्लायवर आखा. सगळ्या बाजूंनी तीन-चार मिमी जागा सोडा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, जागा नसेल तर मध्ये उचलतं.

आता ज्या पायरीला जवळजवळ सगळे फाटा देतात ती. कापून आणि भोकं पाडून झाल्यावर, बसवण्याआधी, प्लायला दोन्ही बाजूंनी, चारही कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या. मरीन प्लायचा गोंद पाण्याला टिकतो, पण त्यातलं लाकूड कडेने पाणी पितंच. नंतर ओट्यासाठी नवं भोक पाडलंत तर त्यालाही हात.

पत्रा आणि प्लाय यांमध्ये आवाज आणि उष्णता अडवायला बंद पेशींचा फोम घाला, एक्सएलपीई किंवा नायट्राइल रबरचा. सोफ्यातला स्पंज किंवा काचेची लोकर (ग्लास वूल) घालू नका. दोन्ही पाणी धरून ठेवतात. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तिथे साधा फोम नकोच. गाडीसोबत आलेलं उष्णतारोधक आवरण जसं होतं तसं परत बसवा.

बसवताना स्टेनलेसचे स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूआधी गाडीखालच्या नळ्यांचा तो नकाशा काढून बघा. स्क्रू सीलंटमध्ये बुडवून घाला. खाली बीम असेल तिथेच. नुसत्या पातळ पत्र्यात मारलेला स्क्रू सहा महिन्यांत सैल होतो आणि फ्लोअर करकरायला लागतो.

> तपासा: प्लायवर सगळीकडे चालून बघा. कुठे करकरलं तर आत्ताच सोडवा.

## ९. कार्पेट

जुनं कार्पेट वाचेल का? मागे तागाचं अस्तर असेल आणि ते काळं पडून हाताने सुटत असेल तर नाही. मागे रबर असेल आणि पोपडे निघत असतील तरी नाही. पूर्ण सिंथेटिक असेल तर धुऊन उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. वाळल्यावर नाक लावून वास घ्या. वास राहिला असेल तर भावनिक होऊ नका.

नवं घेताना पॉलिप्रॉपिलीनचं, सुईने ठोकलेलं ऑटो कार्पेट घ्या. ते पाणी पीत नाही. लांब लूपवालं गालिच्यासारखं कार्पेट दुकानात मऊ लागतं, पण कोकणातली वाळू त्यात एकदा शिरली की व्हॅक्यूमलाही निघत नाही. दारापासून ओट्यापर्यंतच्या भागात तर कार्पेट घालूच नये असं माझं मत. तिथे खडबडीत विनाइल घाला, कार्पेट फक्त झोपायच्या जागेत.

कापताना जुनं कार्पेट उलटं ठेवून खडूने आखा आणि सगळीकडून पाच सेंटिमीटर जास्त ठेवा. व्हील आर्चच्या उंचवट्यावर हीट गनने हलकं शेकून हाताने बसवत न्या. जास्तीचं शेवटी कापा. कार्पेटची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला हवी, नाहीतर दोन रंग दिसतात. कडांना सीट कव्हरवाल्याकडून पायपिंग करून घ्या.

चिकटवायचं कशाने? पांढऱ्या फेविकॉलने नाही. तो पाण्याने सुटतो आणि सुटला की आंबट वास मारतो. फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबराचा गोंद, आणि तोही फक्त उभ्या बाजूंना आणि व्हील आर्चला. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतका वाळू द्या, मग एकदाच नेम धरून दाबा. ओला असतानाच दाबला तर आत वाफ कोंडते आणि फुगे येतात. वाफ पेट घेते, म्हणून दारं उघडी, आसपास विडी-सिगरेट नको, हीट गनही नको.

सपाट फ्लोअरवरचं कार्पेट चिकटवूच नका. वेल्क्रोच्या पट्ट्या किंवा प्रेस बटणं लावा. सीट कव्हरवाला म्हणेल, "साहेब, सरकेल, पूर्ण चिकटवून देतो." ऐकू नका. जे उचलता येत नाही त्याच्याखाली कोणी बघत नाही.

## १०. पहिल्या पावसानंतर

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच कार्पेट उचला. पहिल्या टप्प्यात जिथे कागद ठेवले होते तिथेच परत कागद ठेवा. मीटर त्याच जागी लावा आणि आकडा वहीत जुन्याच्या शेजारी लिहा. दोन-तीन टक्के वाढलं तर काळजी नको, पावसाळ्यातली हवाच तशी असते. एकाच कोपऱ्यात जास्त वाढलं तर चौथ्या टप्प्यावर परत जा, आणि त्या कोपऱ्यापासून नव्हे, छतापर्यंतच्या संपूर्ण बाजूपासून शोधा.

झोपताना छताचा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट असेल तर हवा खेळते. थेट प्लायवर टाकलेल्या गादीखाली हिवाळ्यात ओल धरतेच. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्पेट काढून घरात न्या, आणि फ्लोअर उघडा सोडा.